भाताच्या शेजारी काय?

रात्री अर्धपोटी झोपलेल्या दोन बायका डोळ्यांसमोर आणा. एक आजची, मुलुंडच्या पंधराव्या मजल्यावर राहणारी. सोमवारपासून तिनं ‘लो-कार्ब’ सुरू केलंय. भात, पोळी, बटाटा, साखर, सगळं बंद. दुसरी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, मुरबाडच्या डोंगराकडेच्या ठाकरवाडीतली. आषाढ लागलाय, कणगीचा तळ दिसू लागलाय आणि रात्रीच्या पेजेत तांदळापेक्षा पाणीच जास्त आहे. पहिलीनं भाताला सोडलं, दुसरीला भातानं सोडलं.

त्यांच्या यकृतांना मात्र हा फरक ठाऊक नसतो. मध्यरात्र उलटली की दोघींच्या शरीरात एकच रसायनशास्त्र सुरू होतं, त्याच क्रमानं आणि त्याच शिस्तीत. लो-कार्ब आहाराचं गूढ समजून घ्यायचं तर सुरुवात या मध्यरात्रीपासून करायला हवी.

यकृताची कणगी

भात असो, भाकरी असो की पाव, त्यातली कर्बोदकं शेवटी ग्लुकोज होऊन रक्तात उतरतात. लगेच न लागणारं ग्लुकोज शरीर ग्लायकोजेनच्या रूपात बाजूला ठेवतं. यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून साधारण 400 ग्रॅम. यकृत ही घराची कणगी. तिच्यातलं ग्लुकोज रक्तातून कुणालाही मिळतं. स्नायूंचा साठा ज्याचा त्याच्यापुरता. एकदा आत गेलेलं ग्लुकोज स्नायू रक्तात परत सोडत नाहीत.

आता मेंदूचा खर्च पाहा. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण दिवसभरात तो एकटा सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज फस्त करतो, आपण झोपलेले असलो तरी. म्हणजे यकृतातला साठा मेंदूचा एक दिवसही धड निभावत नाही. जेवण झालं नाही तर साधारण चोवीस तासांत कणगी रिकामी होत येते.

मग माणूस दुसऱ्या दिवशी वेडा का होत नाही? कारण रक्तातलं इन्सुलिन उतरलेलं असतं. इन्सुलिन उतरलं की चरबीच्या पेशी आपला साठा सोडू लागतात. यकृत ती चरबी घेतं, तोडतं आणि तिच्यापासून कीटोन नावाचे छोटे रेणू तयार करतं. चरबीचे मोठे रेणू मेंदूच्या फारसे उपयोगी पडत नाहीत, कीटोन मात्र तो आनंदानं जाळतो. 1967 मध्ये बोस्टनमध्ये ऑलिव्हर ओवेन आणि जॉर्ज काहिल या डॉक्टरांनी पाच-सहा आठवडे उपास केलेल्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूत काय जातं आणि काय बाहेर येतं, हे मोजलं. मेंदूला लागणारी बहुतेक ऊर्जा आता कीटोनमधून येत होती. तोवर मेंदू ग्लुकोजशिवाय कशावरच चालत नाही, असं वैद्यकाची पुस्तकं सांगत होती. प्रत्यक्षात प्रत्येक माणसात दुसऱ्या इंधनाची अख्खी यंत्रणा जन्मापासून तयार असते. काही जणांना ती आयुष्यभर फारशी लागतच नाही, इतकंच.

लो-कार्ब आहार हीच यंत्रणा उपाशी न राहता चालू करतो. पोट अंडी, पनीर, मासळी, भाज्या, तूप यांनी भरायचं आणि कणगी मात्र रिकामी ठेवायची. काहींच्या श्वासाला तेव्हा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. तो ॲसिटोनचा, म्हणजे कीटोनच्याच एका भावंडाचा.

पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो, त्याची गंमत तर और आहे. ग्लायकोजेन कोरडं साठत नाही. त्याचा प्रत्येक ग्रॅम सोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन गेलं की त्याच्याबरोबर दीड लिटर पाणीही जातं. म्हणजे मुलुंडच्या बाईनं मैत्रिणींना अभिमानानं सांगितलेले पहिले दोन किलो हे बहुतांशी पाणीच, आणि तेही बहुधा शहापूरचं. मुंबईच्या नळांना येणारं पाणी ज्या तलावांतून निघतं, त्यांतला 1892 मध्ये पुरा झालेला तानसा आणि त्याच्याहून कितीतरी मोठा भातसा हे दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. पुन्हा एक दिवस बिर्याणी खाल्ली की ते पाणी मुकाट्यानं परत येतं आणि काटा वर सरकतो. चरबीचा हिशोब याच्याखाली, फार सावकाश चालू असतो.

इथपर्यंत दोन्ही बायकांची गोष्ट सारखी. पुढे मात्र वाटा फुटतात. एकीच्या कमरेवर महिनोन्‌महिने पुरेल इतकी चरबी आहे आणि ताटात प्रथिनं आहेत. दुसरीजवळ दोन्ही बेताचंच. मेंदूला थोडं तरी ग्लुकोज लागतंच, आणि ते बनवायला तिचं शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागतं. रसायन तेच, पण एकीचं वजन उतरतं आणि दुसरीची ताकद.

शवपेट्यांच्या व्यावसायिकाचं पथ्य

कर्बोदकं कमी करून वजन उतरवायची कल्पना इंटरनेटच्या काळात जन्मली, असं अनेकांना वाटतं. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. विल्यम बँटिंग हा लंडनमधला अंत्यविधीचा व्यावसायिक. इतका जाड की बुटांची नाडी स्वतःला बांधता येईना. त्याच्या डॉक्टरनं, विल्यम हार्वेनं, पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. यकृतातलं ग्लायकोजेन शोधून काढणारा बर्नार तो हाच. हार्वेनं बँटिंगचा पाव, साखर, बिअर आणि बटाटा तोडला. बँटिंगचं वजन उतरलं आणि 1863 मध्ये त्यानं आपला अनुभव एका पुस्तिकेत छापला. ती इतकी गाजली की इंग्रजीत त्याच्या आडनावाचंच क्रियापद झालं.

1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी भरपूर चरबीचा आणि अगदी कमी कर्बोदकांचा आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या काही मुलांसाठी तो आजही वापरतात. 1972 मध्ये रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकानं तोच विचार घराघरांत नेला.

महाराष्ट्रातही इन्सुलिन हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला, पण वेगळ्या वाटेनं. डॉ. श्रीकांत जिचकार आपल्या व्याख्यानांतून सांगत की खाणं वारंवार झालं की इन्सुलिनही वारंवार स्रवतं. तो धागा पुढे लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी उचलला. दिवसातून दोनच वेळा, कडकडून भूक लागेल तेव्हा खायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं आणि मधे काही तोंडात टाकायचं नाही. यात भात सोडायला सांगितलेलं नाही, इन्सुलिन किती वेळा स्रवतं यावर बोट ठेवलेलं आहे. मार्ग दोन, पण रोख एकाच संप्रेरकावर.

मग खरं काय, कर्बोदकं कमी करणारा लो-कार्ब आहार की चरबी कमी करणारा लो-फॅट? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 609 जणांना दोन गटांत वाटून वर्षभर हे तपासलं. 2018 मध्ये निकाल आला. लो-फॅट गटानं सरासरी 5.3 किलो गमावले आणि लो-कार्ब गटानं 6 किलो. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हा फरक नाहीच. थक्क करणारी गोष्ट सरासरीच्या आत दडलेली होती. दोन्ही गटांत कुणी पंचवीस किलोंहून जास्त उतरलं होतं, तर कुणाचं वजन आठ-नऊ किलोंनी वाढलं होतं. दोन्ही गटांना एक सूचना सारखी होती: साखर, मैदा आणि कारखान्यातलं तयार अन्न कमी करा, भाज्या भरपूर खा. तात्पर्य असं की नुसत्या आहाराच्या नावावरून तुमचं काय होणार, हे सांगता येत नाही.

पेंढा आणि तांदूळ

आता थोडं त्या बदनाम कर्बोदकांकडे बघू, कारण ती मुळात फार विलक्षण चीज आहे. शहापूरच्या खाचरात कापणीनंतर दोन ढीग उभे राहतात, दाण्यांचा आणि पेंढ्याचा. दाण्यातला स्टार्च आणि पेंढ्यातलं सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजचीच साखळी. मणी तेच, फक्त एक मणी दुसऱ्याला कोणत्या बाजूनं जोडलाय, इतकाच फरक. एका जोडणीनं माणसाचं जेवण होतं, दुसऱ्या जोडणीनं बैलाचं. आणि बैलालासुद्धा ती सुटत नाही, त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ती सोडवून देतात. आपल्याकडे स्टार्चची जोडणी उकलणारी विकरं आहेत, सेल्युलोजची उकलणारी नाहीत. उपाशी माणसाला पेंढ्याच्या उडवीवर बसून भुकेनं मरावं लागतं, तेही ग्लुकोजच्या डोंगरावर.

स्टार्च उकलायचं काम तोंडातच सुरू होतं. लाळेतल्या ॲमायलेजमुळे भाकरी चावत राहिलं की गोड लागू लागते. हे ॲमायलेज बनवणारं जनुक सगळ्यांत सारख्या संख्येनं नसतं. कुणात त्याच्या दोन-तीन प्रती, कुणात दहाहून अधिक. 2007 मध्ये जॉर्ज पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पिढ्यान्‌पिढ्या स्टार्च खात आलेल्या जपानी किंवा टांझानियातल्या हाद्झा लोकांत या प्रती सरासरीनं जास्त असतात. मांस-दूध किंवा मासळीवर जगत आलेल्या समाजांत कमी. आपले पूर्वज काय जेवत होते, याची नोंद आपल्या लाळेत आहे.

त्यात पुन्हा भात म्हणजे फक्त भात नव्हे. कच्च्या तांदळात स्टार्च घट्ट बांधलेलं असतं. पाणी आणि उष्णता मिळाली की ते फुगतं, मोकळं होतं आणि चटकन पचतं. शिजलेला भात रात्रभर थंड झाला की त्यातल्या काही साखळ्या पुन्हा आवळतात आणि विकरांना सहज हाती लागत नाहीत. हा भाग मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या वाट्याला जातो. शिळ्या भाताचं कौतुक सध्या परदेशी आहारतज्ज्ञ करतात ते यामुळे. मात्र हा फरक बेताचा असतो. त्याच्या भरवशावर दुप्पट भात वाढून घेण्यात अर्थ नाही.

हातसडीच्या तांदळाची कथा याहून मोठी. 1890 च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरनं पाहिलं की पांढऱ्याशुभ्र तांदळावर वाढवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाचं मूळ तिथे सापडलं आणि पुढे ब-1 जीवनसत्त्व हाती आलं. आइकमनला 1929 चं नोबेल मिळालं. उखळ-मुसळाच्या जागी गिरणी आली तेव्हा बायकांचे हात सुटले, आणि कोंड्याबरोबर ताटातून काय गेलं ते कुणाला दिसलंही नाही.

आता एक धक्का. ‘भात सोडून नाचणी खातो, म्हणजे लो-कार्ब झालं’ असं सर्रास ऐकू येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि नाचणीत सुमारे 67. वरईही जवळपास तिथेच. प्रथिनं तर तांदळात आणि नाचणीत सारखीच, सात-आठ ग्रॅम. नाचणीचा मोठेपणा दुसरीकडे आहे: तंतू तांदळाच्या जवळजवळ चौपट, 11 ग्रॅम, आणि कॅल्शियम 364 मिलिग्रॅम, जे तांदळात नावालाच. नाचणी उत्तम आहे, पण लो-कार्ब नाही. तिची मऊ पेज करून प्यायली तर ती पचायलाही फार वेळ लावत नाही.

बारा महिन्यांचं ताट

कर्बोदकांचं प्रमाण खाली आणणारी गोष्ट धान्याच्या शेजारी असते. शहापूर-मुरबाडचं जुनं ताट इथे वाचण्यासारखं आहे, कारण ते दर दोन महिन्यांनी बदलायचं.

पहिला पाऊस पडला की नदी-ओढ्यांतले मासे अंडी घालायला उलट्या दिशेनं चढत थेट खाचरात येतात. हे वळगणीचे मासे. त्याच दिवसांत शेवळं जमिनीतून कोंब काढतात. सुरणाच्या कुळातली ही भाजी नीट शिजली नाही तर घसा खाजवते, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळं पडतात. काकडाच्या झाडाला ती फळं नेमकी शेवळांच्याच मोसमात येतात आणि बाजारात दोन्ही एकाच टोपलीत विकायला असतात. मग टाकळा, कुर्डू, कोरल, भारंगी, फोडशी, बांबूचे कोवळे कोंब, पुढे कंटोळी. खेकडे आणि खाचरातले मुठे. उन्हाळ्यात भरून ठेवलेली सुकट आणि बोंबील. शहापूर-मुरबाडच्या बाजारात आणि कल्याण स्टेशनाबाहेर पावसाळ्यात टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांपुढे हे सगळं आजही दिसतं, आणि अलीकडे कृषी खातंही ऑगस्टमध्ये जागोजागी रानभाजी महोत्सव भरवतं.

या भाज्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. कर्बोदकं अगदी थोडी, पण लोह, कॅल्शियम, फोलेट यांनी भरलेल्या. म्हणजे धान्य संपत आलेलं असताना ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी घरांतलं पावसाळी ताट आपोआप पालेभाजी आणि मासळीकडे झुकायचं. त्याला कुणी डाएट म्हटलं नाही, कारण तो निवडीचा नव्हे तर टंचाईचा काळ होता, आणि त्यात मुलं दगावतही होती. त्या उपासमारीला पुरातन शहाणपण म्हणून सजवणं हा क्रूरपणा ठरेल. शहाणपण होतं ते वेगळ्या गोष्टीत: टंचाईतही ताटात काय वाढवता येईल, याच्या माहितीत.

आश्विन-कार्तिकात हळवं भात आधी आणि गरवं नंतर कापून झालं की ताट पुन्हा भाताकडे झुकायचं. पण त्याच खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल आणि हरभरा पेरला जायचा. वरकस जमिनीवर नाचणी-वरईबरोबर उडीद, तूर, खुरासणी. वालाच्या 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तांदळाच्या अडीचपट. खुरासणीचं आणि मोहाच्या बियांचं तेल. हिवाळ्यात करांदे आणि इतर कंद; त्यांतले कडू कंद काप करून उकडायचे आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, मगच खायचे. चैत्रात मोहाची फुलं, साखरेनं भरलेली.

आणि एवढं स्टार्च जिरायचं कुठे? लावणीच्या दिवसांत दिवसभर कमरेत वाकून, चिखलातून पाय उपसत काम करणाऱ्या बाईच्या मांड्यांत. स्नायू आकुंचन पावत असताना त्यांच्या पेशी ग्लुकोज आत घेण्याची दारं स्वतःहून पृष्ठभागावर आणतात. त्या वेळी त्यांना इन्सुलिनच्या परवानगीची गरज पडत नाही. जो थाळाभर भात तिला दोन वाजेपर्यंत पुरत नाही, तोच ऑफिसच्या खुर्चीत बसून खाल्ला तर रक्तात तरंगत राहतो. भात तोच, पोट तेवढंच. उत्तर वेगळं, कारण पाय वेगळे.

हडकुळं, तरीही चरबीचं

पण खेड्यात राहिलं की मधुमेहापासून सुटका, असंही नाही. याचं कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोंची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. मोजपट्टी आणि चिमटा घेऊन बारकाईनं पाहिल्यावर कळलं की आपल्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरले होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं. याज्ञिकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

स्नायू कमी म्हणजे ग्लुकोज मावायला जागा कमी. भाताचं ओझं आपल्या शरीराला लवकर जड होतं ते यामुळे. याच अभ्यासात 2001 मध्ये पुढे आलेला निष्कर्ष रानभाज्यांच्या टोपलीकडे परत नेतो. आईनं एकूण किती उष्मांक खाल्ले, त्यापेक्षा तिनं पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याचा बाळाच्या आकाराशी अधिक संबंध दिसला. पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज देण्यात आला. त्यांच्यात गर्भारपणातल्या मधुमेहाचं प्रमाण 7.3 टक्के निघालं, बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ मिळालेल्या गटात 12.4 टक्के. एवढासा खाऊ, रोज, वेळेआधी. त्यात भात कमी करण्याचा प्रश्नच नव्हता.

रेशन आणि मेंदू

आता आजच्या वाडीत या. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत. आषाढातली ती रिकामी कणगी बऱ्याच अंशी इतिहासजमा झाली, आणि हे यश लहान नाही. पण गणित करून पाहा. सगळं धान्य तांदूळ धरलं तर दिवसाला 167 ग्रॅम. त्यात कर्बोदकं सुमारे 130 ग्रॅम. मेंदूला लागणारं ग्लुकोज 120 ग्रॅम! सरकार दर माणशी जणू एका मेंदूचं इंधन भरतं. प्रथिनं मात्र त्यात 13 ग्रॅम. 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे 45 ग्रॅम लागतात. उरलेल्या 32 ग्रॅमचं काय?

पूर्वी ते खाचरातून, ओढ्यातून, रानातून आणि वालाच्या शेतातून येत. आता दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, खावटीच्या, म्हणजे खाण्यापुरत्या मिळणाऱ्या, पैशांत किराणा भरतात, आणि त्यात भात, मिरची, मूठभर सुकट एवढंच बसतं. राज्यात 2015 पासून आदिवासी भागातल्या गर्भवती आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचं चौरस जेवण मिळतं. त्यातली डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं हीच त्या तुटीवरची अचूक मात्रा.

मुलुंडच्या ताटातही उणीव नेमकी तीच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनं 2023 मध्ये मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचा अंदाज दिला. त्याच पाहणीतून 2025 मध्ये निघालेल्या निष्कर्षांनुसार भारतीयांचे सरासरी 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, तेही बहुतांशी पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांतून. पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसती गव्हाची पोळी किंवा नाचणी-ज्वारी ठेवली आणि कर्बोदकांचा एकूण वाटा तोच राहिला, तर मधुमेहाचा धोका उतरलेला दिसला नाही. रोजच्या उष्मांकांतला फक्त पाच टक्के वाटा कर्बोदकांकडून डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांकडे वळवला, तेव्हा तो उतरताना दिसला. पाच टक्के म्हणजे दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅम कर्बोदकं. ताटात मोजायचं तर एक मूद भात कमी आणि वाटीभर वालाचं बिरडं जास्त.

टिकतं ते पथ्य

मग भात पूर्ण का तोडू नये? काहींना त्याचा खरंच फायदा होतो, विशेषतः टाइप-2 मधुमेहात, पण वैद्यकीय देखरेखीखाली. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं चालू असताना अचानक कर्बोदकं तोडली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. गर्भारपण ही अशा प्रयोगांची वेळच नव्हे. बाकीच्यांपुढे अडचण येते ती वर्षभरानं. शरीराला तोटा आवडत नाही. 1944-45 मध्ये मिनेसोटात अँसल कीज यांनी 36 निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्ध्या आहारावर ठेवलं, तेव्हा त्यांचं वजन चतुर्थांशानं उतरलं, शरीराचा खर्च मंदावला आणि तरणेताठे पुरुष स्वयंपाकाची पुस्तकं वाचण्यात रमले. इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणून आपण ज्याला दोष देतो, त्यात ही जुनी संरक्षणव्यवस्था मोठा भाग असते.

अमेरिकेत पंधरा हजारांवर माणसांचा सुमारे पंचवीस वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्बोदकांतून 50 ते 55 टक्के उष्मांक घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं. फार जास्त खाणाऱ्यांत वाढलेलं, फार कमी खाणाऱ्यांतही वाढलेलं. कर्बोदकांच्या जागी काय आलं, त्यानंही फरक पडत होता. त्या जागी डाळी-दाणे आले तर बरं, लाल मांस आलं तर नाही. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेला सल्लाही याच दिशेचा: धान्यातून 45 टक्क्यांपर्यंत, डाळी-मांस-मासळीतून 14-15 टक्के, बाकी भाज्या, फळं, दूध, दाणे, तेल.

क्रमाचीही एक छोटी युक्ती आहे. न्यूयॉर्कमध्ये 2015 साली 11 मधुमेहींवर केलेल्या एका लहानशा प्रयोगात तेच जेवण उलट्या क्रमानं दिलं. भाजी आणि प्रथिनं आधी, पाव शेवटी. तासाभरानं मोजलेली साखर सुमारे 37 टक्क्यांनी कमी निघाली. आपल्याकडे हे करायला काहीच लागत नाही. भाजी-उसळ आधी संपवायची, मग भात घ्यायचा.

म्हणून नवा आहार कुणी सुचवला की त्याला वजनाच्या काट्याआधी पंचांग लावून पाहावं. हा आहार आषाढी एकादशीला, गौरी-गणपतीत, लेकीच्या लग्नात, पगार संपलेल्या आठवड्यात आणि सासूच्या ताटात चालेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो पथ्य म्हणून काही दिवस ठीक, पण जेवण म्हणून टिकणार नाही. टिकतो तो छोटा बदल: भात निम्मा, वाल-मूग-अंडं-मासळी दुप्पट, पालेभाजी रोज आणि पायांना काम.

आणि हा सल्ला पाळणं ही फक्त शिस्तीची बाब नाही. भात शहरात स्वस्त आहे, वाडीत फुकट आहे. महाग आहे ते त्याच्या शेजारचं. मुलुंडची बाई डाळ-अंड्यांचा खर्च सहज करू शकते, तिला सवय लावायची आहे. वाडीतल्या बाईला सवय आहेच, तिला वाल पेरायला ओलीची जमीन, रेशनच्या पिशवीत डाळ आणि रानात जायची मोकळीक हवी आहे. मधुमेह आणि कुपोषण या दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या फाइली मानल्या जातात. ताटाकडे पाहिलं तर दोन्हींवरचं औषध एकच, आणि ते भाताच्या शेजारच्या वाटीत आहे.